छोट्या ताऱ्यांची शिरगणती



आज जरा लांबचा विषय घेऊन आलो आहे. लांब म्हणजे किती, तर दोन लाख प्रकाशवर्षं. पण खगोलशास्त्राच्या मानाने हे अंतर म्हणजे घराचं परसदारच. आपल्या आकाशगंगेच्या आसपास बऱ्याच लहानखुऱ्या दीर्घिका आहेत, त्यांना बटू दीर्घिका म्हणतात. या बटू दीर्घिकांमध्ये छोटे तारे, म्हणजे आपल्या सूर्याएवढे किंवा त्याहून लहान, कसे जन्माला येतात, किती जन्माला येतात, आणि हे कळायला एवढी वर्षं का लागली, ही आजची गोष्ट.

नवीन मंडळींसाठी माझी ओळख दोन ओळींत. मी पर्थला एका खाण कंपनीत डेटाचं काम करतो. खगोलशास्त्रज्ञ नाही, हौशी आहे. गॅरेजमध्ये दहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण आहे, आणि अमावास्येच्या आसपासचा शनिवार मोकळा मिळाला की शहरापासून दोन तास पूर्वेला, गव्हाच्या शेतांच्या पट्ट्यात जाऊन बसतो. बाकी सगळं वाचन.

न्यू जर्सीतला माझा एक वर्गमित्र असलं काही सांगायला लागलो की एकच प्रश्न टाकतो: "ते ठीक आहे रे, पण त्याने फरक काय पडतो?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी फरक काय पडतो ते, आणि मग तारे.

* वरून मुंबई मोजायची कशी? *

समजा, रात्री विमान मुंबईवर आलंय आणि तुम्हाला खिडकीतून शहराची लोकसंख्या सांगायची आहे. दिसतं काय? नरिमन पॉइंट आणि वरळीचे टॉवर, स्टेडियमचे दिवे. चाळींतले, झोपडपट्टीतले दिवे काही एकेक करून मोजता येत नाहीत, आणि लोक तर तिथेच जास्त. मग तुम्ही एक युक्ती करता. दादरचा एक वॉर्ड जमिनीवरून नीट मोजलेला आहे. तिथे एका टॉवरमागे अमुक इतकी छोटी घरं निघाली. तेच प्रमाण धरून अख्ख्या मुंबईची लोकसंख्या काढायची. पुढे तेच प्रमाण धरून दिल्लीची, लंडनची आणि लागोसचीही.

दीर्घिकांच्या बाबतीत आपण नेमकं हेच करत आलो आहोत. १९५५ साली एडविन सॉल्पीटर या तिशीतल्या शास्त्रज्ञाने सूर्याच्या आसपासच्या ताऱ्यांवरून एक साधा नियम मांडला. जन्मणाऱ्या ताऱ्यांत मोठ्यांची संख्या कमी आणि छोट्यांची जास्त असते, आणि हे प्रमाण ठरावीक गणिती उतारावर चालतं. सूर्याच्या १० ते २० पट वस्तुमानाचा एक तारा जन्मला, तर १ ते २ पट वस्तुमानाचे साधारण २२ जन्मतात. पुढे २००१ मध्ये पावेल क्रूपा यांनी आणि २००३ मध्ये जिल शाब्रिए यांनी त्याची खालची बाजू दुरुस्त केली. सूर्याच्या निम्म्याच्या खाली गेलं की संख्या वाढते, पण आधीच्या वेगाने वाढत नाही. या तिघांच्या कामाचा मुख्य पाया आपल्या आकाशगंगेतलेच तारे. म्हणजे आपला दादरचा वॉर्ड.

आता प्रकाशाचा हिशेब बघा. सूर्याच्या २० पट वस्तुमानाचा तारा हजारो सूर्यांइतका प्रकाश फेकतो. सूर्याच्या निम्म्या वस्तुमानाचा तारा सूर्याच्या पाच टक्केसुद्धा प्रकाश देत नाही. आपला सर्वांत जवळचा शेजारी प्रॉक्झिमा सेंटॉरी फक्त ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे, पण सूर्याच्या जेमतेम आठव्या हिश्श्याएवढा असल्यामुळे नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही! सूर्याच्या परिसरातले दर चारांतले तीन तारे असे लाल बटू आहेत.

थोडक्यात, लांबच्या दीर्घिकेतून येणारा प्रकाश मूठभर बड्या ताऱ्यांचा, आणि ताऱ्यांमधलं बहुतेक वस्तुमान न दिसणाऱ्या छोट्यांचं. एखाद्या दीर्घिकेत ताऱ्यांचं वजन किती, तिथे दरवर्षी किती तारे जन्मतात, हे आकडे आपण पेपरात वाचतो ना, त्या प्रत्येक आकड्यात सॉल्पीटर-क्रूपा-शाब्रिए यांचं प्रमाण गृहीत धरलेलं असतं. ते प्रमाण सगळीकडे तेच नसेल, तर विश्वाच्या ताळेबंदातल्या बऱ्याच रकमा बदलाव्या लागतील. फरक पडतो तो असा.

* गरीब घरातलं बाळंतपण *

हे प्रमाण बदलेल अशी शंका यायचं कारण काय? कारण आहे थंडी.

तारा जन्मतो तो थंड वायूच्या ढगातून. गुरुत्वाकर्षण ढगाला आत ओढतं, उष्णता बाहेर ढकलते. १९०२ साली जेम्स जीन्स यांनी हिशेब मांडला की अमुक तापमान आणि अमुक घनता असेल, तर किमान किती वस्तुमानाचा तुकडा स्वतःच्या वजनाने कोसळू शकेल. घनता तीच ठेवून तापमान चौपट केलं, तर हे किमान वस्तुमान आठपट होतं. म्हणजे ढग गरम असेल तर मोठेच तुकडे पडणार. छोटे तारे हवे असतील तर ढग मस्त गार हवा. आपल्या आकाशगंगेत असे ढग उणे २६० अंश सेल्सियसच्या आसपास असतात.

गार व्हायचं तर उष्णता बाहेर पडायला वाट हवी, कुकरला शिट्टी लागते तशी. हायड्रोजन आणि हीलियम या कामात अगदीच ढ. इतक्या कमी तापमानाला ते उष्णता बाहेर टाकू शकत नाहीत. ते काम करतात कार्बन, ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइडचे रेणू आणि धूळ. (गंमत म्हणजे खगोलशास्त्रज्ञ हीलियमच्या पुढच्या सगळ्यांनाच सरसकट धातू म्हणतात. ऑक्सिजनसुद्धा धातू! रसायनवाल्यांनी माफ करावं :-) )

ही जड मूलद्रव्यं आधीच्या पिढ्यांतल्या ताऱ्यांनी शिजवलेली असतात. बटू दीर्घिकांमध्ये असा स्वयंपाक कमी झालेला, आणि झाला त्यातलाही बराचसा त्यांच्या कमकुवत गुरुत्वाकर्षणामुळे बाहेर उडून गेलेला. आपल्या शेजारच्या मोठ्या मॅगेलन मेघात सूर्याच्या तुलनेत जड मूलद्रव्यं निम्मी आहेत, छोट्या मेघात साधारण एक पंचमांश, आणि काही ठिकाणी त्याहूनही कमी भरतात. विश्व तरुण असताना सगळीकडे परिस्थिती साधारण अशीच होती. म्हणून छोटा मॅगेलन मेघ ही आपल्याला दाराशी मिळालेली जुन्या काळाची प्रयोगशाळा आहे.

मग अशा गरीब घरात छोटे तारे जन्मतात का? की ढग पुरेसा गार न झाल्यामुळे बडेच जन्मतात?

* अडीच हजार बाळं *

प्रश्न विचारणं सोपं, बघणं महाकठीण. आपला सूर्य उचलून छोट्या मॅगेलन मेघात ठेवला, तर तो इथून चोविसाव्या प्रतीचा दिसेल, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत मंद ताऱ्यापेक्षाही कोटी पटींहून मंद. त्यात तो दाट गर्दीत, चमकणाऱ्या वायूच्या मागेपुढे. जमिनीवरच्या दुर्बिणीतून सगळं एकमेकांत मिसळतं.

ही कोंडी हबल दुर्बिणीने फोडली. जानेवारी २००५ मध्ये अमेरिकन अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या अधिवेशनात अँटोनेला नोटा आणि सहकाऱ्यांनी छोट्या मेघातल्या एनजीसी ३४६ या तारकागुच्छाचं चित्र दाखवलं. मधोमध भरपूर बडे निळे तारे, ते तर आधीपासून माहीत होते. पण त्यांच्याभोवती सुमारे २५०० बालतारे सापडले, आणि त्यांतले सर्वांत लहान सूर्याच्या निम्म्या वस्तुमानाचे! ताऱ्यांच्या भाषेत ही तान्ही बाळं, अजून पोटात हायड्रोजनची चूल पेटलेली नाही.

इथे निसर्गाने एक सवलत दिली आहे. बालतारा अजून आकुंचन पावत असतो, त्यामुळे तो मोठेपणी असेल त्यापेक्षा फुगलेला आणि जास्त तेजस्वी असतो. सूर्याएवढ्या ताऱ्याला स्थिरस्थावर व्हायला चारएक कोटी वर्षं लागतात. त्या काळात तो ओळखू येतो. हाच तारा प्रौढ झाल्यावर त्या अंतरावरून शोधणं आणखी अवघड असतं.

तर पहिलं उत्तर मिळालं: हो, गरीब घरातही छोटे तारे जन्मतात. पाचव्या हिश्श्याची शिट्टी पुरते.

* वीस वर्षं लोंबकळलेला वाद *

पुढची कथा मला सर्वांत रंगतदार वाटते.

बालताऱ्याभोवती वायू आणि धुळीची चकती असते. त्यातून वायू ताऱ्यावर पडत राहतो, आणि पडताना हायड्रोजन एका ठरावीक लाल रंगात चमकतो. ग्विदो दे मार्की, निनो पनाजिया आणि मार्टिनो रोमानिएलो यांनी २०१० मध्ये एक सोपी पद्धत मांडली: दोन साधे फिल्टर आणि एक या लाल रंगाचा फिल्टर, एवढ्या फोटोंवरून कुठल्या ताऱ्यावर अजून वायू पडतोय ते शोधायचं. पहिला प्रयोग केला मोठ्या मॅगेलन मेघात, १९८७ च्या प्रसिद्ध सुपरनोव्हाच्या आजूबाजूच्या ताऱ्यांवर.

तीच नजर एनजीसी ३४६ वर टाकली तेव्हा अडचण उभी राहिली. वायू गिळणाऱ्या ताऱ्यांपैकी काहींचं वय दोन ते तीन कोटी वर्षं निघालं. हे बसेना. आपल्या आकाशगंगेतल्या तरुण गुच्छांत निम्म्या ताऱ्यांच्या चकत्या तीसेक लाख वर्षांत गायब होतात, आणि एक कोटी वर्षांपर्यंत बहुतेक सगळ्या संपतात. तीन कोटी वर्षांच्या ताऱ्याला अजून चकती म्हणजे तिशीतल्या माणसाला दुधाचे दात!

शंका घेणाऱ्यांचा मुद्दा सरळ होता. एनजीसी ३४६ चा सगळा परिसरच त्या लाल रंगात न्हालेला आहे. ताऱ्याचा म्हणून मोजलेला प्रकाश कदाचित मागच्या तेजोमेघाचा असेल. वर्णपट काढल्याशिवाय निवाडा नाही, आणि इतक्या मंद ताऱ्यांचा वर्णपट काढणं हबलला झेपणारं नव्हतं.

निवाडा केला जेम्स वेब दुर्बिणीने. तिच्या निअरस्पेक या उपकरणात सुमारे अडीच लाख सूक्ष्म झडपा आहेत, एकेक झडप केसाच्या जाडीच्या दोन-तीन पट, आणि हवी ती झडप उघडता येते. (हार्डवेअरवाल्या मंडळींनी याची माहिती जरूर शोधून वाचा, थक्क व्हायला होतं.) एक झडप ताऱ्यावर, शेजारची नुसत्या तेजोमेघावर. दोन्हींची वजाबाकी केली की ताऱ्याचं स्वतःचं काय ते उरतं. डिसेंबर २०२४ मध्ये दे मार्की आणि सहकाऱ्यांचा लेख आला: सूर्यासारख्या वस्तुमानाचे हे तारे खरोखरच दोन-तीन कोटी वर्षांचे आहेत आणि खरोखरच अजून वायू गिळत आहेत. मोजणी बरोबर होती.

असं का होत असावं? लेखकांनी दोन शक्यता मांडल्या आहेत. एक म्हणजे तारा आपल्या प्रकाशाच्या दाबाने चकती उडवून लावतो, पण त्यासाठी प्रकाश पकडणारी जड मूलद्रव्यं वायूत हवीत. ती कमी, म्हणून चकती उडायला वेळ लागतो. दुसरी, वर सांगितलेल्या जीन्सच्या हिशेबाशी नातं सांगणारी: मूलद्रव्यं कमी असताना सूर्याएवढा तारा व्हायला सुरुवातीचा ढगच मोठा लागतो, मग चकतीही मोठी आणि ती संपायलाही जास्त काळ. दोन्ही एकत्रही चालू असतील.

याचा धागा ग्रहांशी जातो. ग्रह या चकतीतूनच घडतात. चकती दहापट टिकली, तर गुरूसारख्या ग्रहाला वाढायला तेवढा वेळ जास्त मिळतो. २००३ मध्ये हबलच्या निरीक्षणांतून एम ४ या गोलाकार तारकागुच्छात सुमारे १३०० कोटी वर्षं वयाचा एक महाकाय ग्रह असल्याचं सांगितलं गेलं, तेव्हा प्रश्न पडला होता की जड मूलद्रव्यांचा इतका दुष्काळ असताना ग्रह घडला कसा? आता निदान एक वाट दिसते. शिवाय २०२३ मध्ये ऑलिव्हिया जोन्स आणि सहकाऱ्यांनी वेबच्या अवरक्त चित्रांतून याच एनजीसी ३४६ मध्ये सूर्यापेक्षा लहान बालताऱ्यांभोवती धूळ असल्याचं दाखवलं. धूळ म्हणजे पृथ्वीसारख्या खडकाळ ग्रहांचा कच्चा माल. विश्वाच्या बालपणातही ग्रहांचं दुकान उघडलेलं असू शकतं.

* ताऱ्यांच्याही खाली *

छोटं म्हणजे किती छोटं? सूर्याच्या सुमारे आठ टक्क्यांखाली वस्तुमान गेलं की पोटातली चूल पेटतच नाही. अशांना तपकिरी बटू म्हणतात, ना धड तारा ना धड ग्रह. आपल्या आकाशगंगेत ते हजारोंनी माहीत आहेत, पण बाहेर? २०२४ मध्ये पीटर झाइडलर आणि सहकाऱ्यांनी छोट्या मेघाच्या कडेला असलेल्या एनजीसी ६०२ या कोवळ्या गुच्छात वेबने ६४ उमेदवार शोधले, गुरूच्या साधारण ५० ते ८४ पट वस्तुमानाचे. आकाशगंगेबाहेर तपकिरी बटूंचा असा भरगच्च समूह पहिल्यांदाच हाती लागला. उमेदवार हा शब्द मुद्दाम वापरला आहे, एकेकाची खातरजमा बाकी आहे. पण छोट्यांची रांग सूर्याच्या निम्म्यावर थांबत नाही, पार तळापर्यंत जाते, एवढं दिसू लागलं.

* उलट साक्ष *

इथवर वाचून वाटेल, झालं, दादरचा नियम सगळीकडे लागू. पण थांबा. छोटे तारे आहेत का हा एक प्रश्न. कोणत्या प्रमाणात आहेत हा दुसरा, आणि ताळेबंद त्याच्यावर अवलंबून आहे.

जॅसन कालिराई यांच्या गटाने हबलच्या १२१ प्रदक्षिणांएवढा वेळ ४७ टुकाने या गोलाकार गुच्छावर रोखला होता. हा गुच्छ आपल्याच आकाशगंगेतला, पण त्याच्या बरोब्बर मागे छोट्या मेघाची कड येते. त्यामुळे मेघातले मंद तारेही त्याच चित्रांत फुकटात मिळाले. २०१३ मध्ये त्यांनी सूर्याच्या ०.३७ ते ०.९३ पट ताऱ्यांची मोजणी छापली. सॉल्पीटरचा उतार २.३५, इथे निघाला १.९०. म्हणजे छोट्यांची संख्या वाढते, पण सॉल्पीटरच्या मानाने सावकाश.

त्याच वर्षी मार्ला गेहा आणि सहकाऱ्यांनी आणखी टोकाचं उदाहरण घेतलं: हर्क्युलिस आणि लिओ ४ या अतिमंद बटू दीर्घिका. यांच्यात जड मूलद्रव्यं सूर्याच्या दोनशेव्या हिश्श्याहूनही कमी. नवे तारे जन्मायचं काम तिथे हजार कोटी वर्षांपूर्वीच थांबलं. पण सूर्याच्या ०.८ पटीपेक्षा लहान तारा अजून मेलेला असूच शकत नाही, कारण त्याचं आयुष्य विश्वाच्या १३८० कोटी वर्षांच्या वयापेक्षा मोठं. म्हणून आज तिथे जे छोटे तारे आहेत, ती त्या काळची जन्मनोंदवहीच आहे, फक्त वाचायची. वाचल्यावर उतार निघाला १.२ आणि १.३, म्हणजे आपल्याकडच्यापेक्षा बराच सपाट. छोटे कमी, मोठे जास्त. जीन्सच्या हिशेबावरून जशी शंका येते, अगदी तसं.

मग नियम मोडला का? २०१७ मध्ये करीम एल-बद्री, डॅन वाइझ आणि एलियट क्वाटार्ट यांनी संख्याशास्त्राच्या बाजूने हरकत घेतली, आणि डेटाच्या धंद्यात असल्यामुळे मला ती लगेच पटली. गेहांच्या गटाने मोजलेली खिडकी फक्त ०.५२ ते ०.७७ सूर्य एवढी अरुंद. एवढ्याशा तुकड्यावरून पूर्ण आलेखाचा आकार सांगायचा, तर उत्तर तुम्ही आधी कोणता आकार गृहीत धरता यावर ठरतं. शिवाय अशा दीर्घिकेत मोजायला तारेच थोडे. आणि जोडतारे इतक्या लांबून एकच दिसतात, म्हणजे दोन छोट्यांचा एक मोठा होतो. निकाल लावायचा तर आणखी खाली, अगदी लाल बटूंच्या मुलखात उतरायला हवं.

हे सगळं एकत्र ठेवलं तर माझ्या मते चित्र असं दिसतं. छोटे तारे गरीब घरातही जन्मतात, याबद्दल आता वाद नाही. त्यांचं बालपण आपल्याकडच्यापेक्षा लांबतं, हे निदान एका ठिकाणी वर्णपटाने सिद्ध झालं. आणि त्यांचं प्रमाण तेच असतं का, हा खटला अजून चालू आहे, साक्षीदार दोन्ही बाजूंना आहेत. तेव्हा एखाद्या लांबच्या दीर्घिकेचं वजन सांगणारा आकडा वाचाल, तेव्हा मनातल्या मनात त्यापुढे "दादर धरून" असं लिहा :-)

* कच्चा माल आणि खोडद *

ताऱ्यांच्या आधी वायू येतो, आणि त्या बाजूलाही शोध चालू आहे. आपल्याकडे थंड ढग शोधायचे ते कार्बन मोनॉक्साइडच्या रेडिओ लहरींवरून. बटू दीर्घिकांत हा रेणू फारसा सापडतच नसे, कारण धूळ विरळ, म्हणून ताऱ्यांचे अतिनील किरण आतपर्यंत घुसतात आणि रेणू मोडतात. चिलीतल्या अल्मा दुर्बिणीने ही कोंडी फोडली. सुमारे तीस लाख प्रकाशवर्षांवर डब्ल्यूएलएम नावाची बटू दीर्घिका आहे, जड मूलद्रव्यं सूर्याच्या १३ टक्के. मोनिका रुबिओ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये तिथे कार्बन मोनॉक्साइडच्या दहा चिमुकल्या गाभ्यांचा नकाशा दिला. मोठ्या ढगाच्या पोटात, अगदी मधोमध, रेणू जपून राहिलेला. आकाराने ते आपल्याकडच्या तारे घडवणाऱ्या गाभ्यांसारखेच. आजूबाजूची गरिबी कितीही असो, आतला कोपरा तसाच उबदार, माफ करा, तसाच थंड!

आणि इथे आपल्या घराजवळचा एक धागा. माझं आजोळ जुन्नर तालुक्यातलं. नारायणगावहून खोडदच्या रस्त्याला लागलं की द्राक्षबागांच्या वर ४५ मीटर व्यासाच्या त्या जाळीदार थाळ्या दिसायला लागतात. हीच जीएमआरटी, एकूण ३० थाळ्या, पुण्याच्या एनसीआरएची. याच दुर्बिणीने आयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि रशियाचे इगोर काराचेन्त्सेव यांनी शेजारच्या मंद बटू दीर्घिकांतल्या हायड्रोजन वायूचं सर्वेक्षण केलं. त्यातली एनजीसी ३७४१ ही दीर्घिका बघा. २००५ मध्ये त्यांनी दाखवलं की तिची वायूची चकती दिसणाऱ्या तारकांच्या भागापेक्षा आठपटींहून लांब पसरली आहे. मधे चिमूटभर तारे आणि भोवती एवढं मोठं वायूचं अंगण. पीठ भरपूर, पोळ्या मोजक्याच. बटू दीर्घिकांत इतका वायू ताऱ्यांविना का पडून राहतो, हा प्रश्न छोट्या ताऱ्यांच्या प्रश्नाला लागूनच आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला प्रदर्शन भरतं. त्या दिवसांत घरी गेलात तर मुलांना घेऊन जरूर जा.

* कोणाला काय दिसेल *

मॅगेलन मेघ उत्तर गोलार्धातल्या बहुतेकांच्या नशिबात नाहीत. महाराष्ट्रातून किंवा आखातातूनही ते व्यवहारात दिसत नाहीत. पण मॉरिशस, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेतली मंडळी भाग्यवान. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या संध्याकाळी, चंद्र नसताना, शहराबाहेर दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. ढगाचे दोन तुकडे जागचे हलत नाहीत असं वाटलं, की तेच ते. छोट्या मेघाशेजारी एक अंधूक, गोलसर तारा दिसेल. तो तारा नाही, ४७ टुकाने गुच्छ आहे. साध्या द्विनेत्रीतून तो मस्त दिसतो. सहा-आठ इंची दुर्बीण असेल तर मेघाच्या आतच एक उजळ डाग सापडतो, तो एनजीसी ३४६.

अमेरिका, इंग्लंड आणि आखातातल्या मंडळींनी खट्टू होऊ नये. धनु राशीत एनजीसी ६८२२ आहे, सोळा लाख प्रकाशवर्षांवर. १८८४ मध्ये एडवर्ड बर्नार्ड यांनी छोट्याशा दुर्बिणीतून शोधलेली ही बटू दीर्घिका. १९२५ मध्ये एडविन हबल यांनी तिचं अंतर मोजून ती आपल्या आकाशगंगेबाहेरची असल्याचं दाखवलं. वेबने तिच्यातही धुळीत गुरफटलेले बालतारे टिपले आहेत. जुलै ते सप्टेंबरमध्ये गडद काळोख आणि मध्यम दुर्बीण असेल तर एक फिकट धूसर पट्टा दिसतो, फार अपेक्षा ठेवू नका. इंग्लंडहून ती क्षितिजाला फार चिकटून असते. आखातातून वाळवंटात गेलात तर चांगली संधी आहे.

कोणी पाहिलंत तर जरूर कळवा: कुठून, कुठल्या दुर्बिणीतून, काय दिसलं. रिगेलपासून प्रॉक्झिमापर्यंत कुठल्याही प्रश्नाचं स्वागत आहे.

कळावे, लोभ असावा.

पर्थहून,
तुमचाच एक हौशी आकाशवेडा